रामरावाच्या वाट्याचं मीठ

चांगुणाचं माहेर जानेफळचं. घाटावरचं गाव, विहिरींना गोड पाणी. लग्न होऊन ती घाटाखाली, संग्रामपूरकडच्या एका खेड्यात आली तेव्हा तिला एवढंच माहीत होतं की इकडे कापूस चांगला पिकतो आणि ऊन जास्त असतं. इकडच्या पाण्याबद्दल तिला कुणी काही सांगितलं नव्हतं.

पहिल्याच आठवड्यात सासूने चूल तिच्या हाती दिली. तिने तुरीची डाळ शिजायला टाकली. आई घालायची तसं मुठीने जाडं मीठ घातलं. डाळ काही केल्या शिजेना. सकाळची दुपार झाली तरी दाणा दाण्यापासून वेगळाच. शेवटी तिने रवीने घोटून ती कशीतरी वाढली. सासऱ्यांनी पहिला घास घेतला, घाईने तांब्या तोंडाला लावला, आणि पाणी पिऊनही त्यांचं तोंड वाकडंच राहिलं. पाणीसुद्धा खारटच होतं.

सासू मनकर्णाबाई रागावली नाही. "इथं पाणीच मीठ टाकते वं पोरी," ती म्हणाली. "आपण फकस्त वरून पुरवणी द्याची."

मग चांगुणा हळूहळू शिकली. भाकरीच्या पिठात मीठ घालायचं नाही, पाण्यातलं पुरतं. भाजीत शेवटी घालायचं, तेही चाखून. डाळीसाठी गावाबाहेरच्या एका गोड्या विहिरीवरून दोन घागरी आणायच्या, आणि त्या विहिरीवर नंबर लागायचा म्हणून पहाटेच निघायचं. मीठ मात्र जाडंच घ्यायचं, हे मनकर्णाबाईचं ठाम मत. बारीक मीठ चिमटीतून पाण्यासारखं निसटतं, किती गेलं ते कळत नाही. जाड्या मिठाचे खडे बोटांना लागतात, पडताना दिसतात. ठेचा कुटताना मिरचीबरोबर तेच टाकायचं, म्हणजे मिरची खलबत्त्यात घसरत नाही. लोणच्याला तव्यावर गरम करून, गार करून, मगच.

पस्तीस वर्षं चांगुणाने असाच स्वयंपाक केला. सासू-सासरे गेले, मुलगा ज्ञानेश्वर मोठा झाला, त्याचं लग्न झालं, राखी सून म्हणून घरात आली, नातवंडं झाली. नवरा रामराव घराला लागूनच पिठाची गिरणी चालवायचा. दिवसभर पिठाच्या धुरळ्यात उभं राहणारा माणूस, त्याला तहान फार. गिरणीच्या खिडकीत पाण्याचा माठ असायचा आणि तो माठ संध्याकाळपर्यंत दोनदा भरावा लागायचा. पाणी बोअरचं, तेच खारट.

तीन वर्षांपूर्वीच्या दिवाळीत रामरावाच्या चपलेचा पट्टा पायात रुतायला लागला. आधी त्याला वाटलं चप्पल आटली. मग सकाळी डोळ्यांखाली सूज दिसू लागली. खामगावला तपासण्या केल्या. दोन्ही किडन्या कामातून गेल्या होत्या. त्याच्या आधी त्याच गल्लीतले तिघं या आजाराने गेले होते, त्यामुळे घरात कुणी फारसे प्रश्न विचारले नाहीत. ज्ञानेश्वर गिरणीवर उभा राहिला आणि सोमवार-गुरुवार रामरावाला डायलिसिसला नेण्याचं काम चांगुणाकडे आलं.

त्या दोन दिवशी ती चारला उठायची. घरच्यांसाठी एक स्वयंपाक, रामरावासाठी दुसरा. बटाटा असो की भोपळा, आधी बारीक चिरून पाण्यात भिजवायचा, ते पाणी फेकायचं, मग उकडायचा, तेही पाणी फेकायचं. जन्मभर भाजीचा रस्सा जपणाऱ्या बाईला आता रस्साच मोरीत ओतायला लागत होता. डाळ मोजून. टमाटा, केळी, नारळपाणी बंद. पाणीसुद्धा मापाने, आणि ते फिल्टरच्या कॅनमधलंच. सहाची एसटी पकडायची, दवाखान्यात चार तास बाकावर बसायचं, दुपारच्या गाडीने परत. घरी आल्यावर रामराव गळून पडायचा आणि ती भांडी घासायला बसायची.

मिठाचा प्रश्न पहिल्याच महिन्यात आला. दवाखान्यातल्या आहाराच्या मॅडमनी कागदावर लिहून दिलं, दिवसभरात मीठ एक लहान चमचा, त्याहून थोडं कमीच.

चांगुणाने विचारलं, "जाडं का बारकं?"

मॅडम हसल्या. "मीठ ते मीठ, मावशी."

"तसं नाही मॅडम. चमच्यात बारकं मीठ दाबून बसते. जाड्या मिठात फटी राह्यतात. चमचा एकच, पण मीठ एक नाही."

मॅडमचं हसू थांबलं. त्यांनी पेन टेकवलं, थोडा विचार केला आणि चमचा खोडून तिथे चार ग्रॅम असं लिहिलं. "तुमचं बरोबर आहे. वजनानं घ्या. आणि जाडं घेतलं तरी आयोडीनचं पाकीट बघून घ्या."

चार ग्रॅम म्हणजे किती ते चांगुणाला माहीत नव्हतं. ती गावातल्या रहेमतुल्लाच्या किराणा दुकानात गेली, घरचा चहाचा चमचा घेऊन. रहेमतुल्लाने एक चमचा मीठ काट्यावर टाकलं, आकडे थरथरले आणि स्थिरच होईनात.

"वहिनी, माझा काटा गव्हाचा हाय, सोन्याचा नाही," तो म्हणाला. "दहा चमचे टाका. मंग भागून काढू."

दहा चमचे बारीक मीठ साठ ग्रॅम भरलं. तेच दहा चमचे जाडं मीठ अठ्ठेचाळीस. रहेमतुल्लाने दोनदा मोजलं, मग गिऱ्हाइकाला थांबवून तिसऱ्यांदा मोजलं. "चाळीस वर्षं मीठ विकून राह्यलो मी," तो म्हणाला, "अन् हे मले आज समजलं." म्हणजे जाड्या मिठाचा चमचा घ्यायचा, पण काठाच्या जरा खालीच ठेवायचा. चांगुणाने जाड्या मिठाचं पाकीट घेतलं आणि त्या दिवसापासून सकाळी उठल्याबरोबर रामरावाचं दिवसाचं मीठ ती एका वाटीत काढून ठेवू लागली. त्यातलंच त्याच्या भाजीत, त्यातलंच वरणात.

पण रामरावाला जेवण जाईना. फिल्टरच्या पाण्यात मीठ नव्हतंच. जन्मभर पाण्यातून, भाकरीतून, चहातूनसुद्धा ज्याच्या जिभेवर खारटपणा होता, त्याला आता भाकरी म्हणजे पुठ्ठा वाटायची. भाजीत शिजवलेलं दीड-दोन ग्रॅम मीठ कुठे हरवून जायचं त्याला कळायचंही नाही.

"काय टाकलं याच्यात?" तो विचारायचा.

"मीठ टाकलं हो."

"कुठं हाय?"

रोज दोन वेळा हाच सवाल. तो चिडून विचारत नसे, चिडला असता तर बरं झालं असतं. तो ताटाकडे बघत हळू विचारायचा आणि अर्ध्यावर उठायचा. चांगुणा ते ताट उचलायची. कधी उरलेलं स्वतः खायची. पहाटे उठून, दोनदा पाणी फेकून केलेली भाजी गुरांच्या घमेल्यात टाकायला तिचा हात धजत नव्हता.

दुसऱ्या वर्षीच्या उन्हाळ्यात राखी तिच्या भावाच्या साखरपुड्याला खामगावला गेली होती. येताना तिने एका मोठ्या दुकानातून मिठाचं वेगळं पाकीट आणलं. पाकिटावर हृदयाचं चित्र होतं. "आत्याबाई, हे कमी मिठाचं मीठ हाय," ती म्हणाली. "बीपीवाल्याईसाठी स्पेशल. दुकानदार म्हणे, डॉक्टर लोक हेच सांगतात. मामाजीले चव तरी लागंन."

चांगुणाने ते जिभेवर ठेवून पाहिलं. खारट होतं, मागून जरासं कडवट. बारीक होतं, तिला न आवडणारं. पण कमी मिठाचं मीठ म्हटल्यावर तिला वाटलं, मग थोडं जास्त घातलं तर काय बिघडतं. त्या रात्रीच्या भाजीत तिने ते सढळ हाताने घातलं. रामरावाने पहिला घास घेतला आणि वर पाहिलं.

"आज चव हाय," तो म्हणाला. त्याने दुसरी भाकरी मागितली.

चांगुणा पाठ फिरवून भाकरी थापायला लागली. किती महिन्यांनी त्याने दुसरी मागितली होती, तिला आठवेना. पुढचे दहा-अकरा दिवस ती तेच मीठ घालत राहिली, मोजमाप सोडून, हाताला येईल तसं. ताट पूर्ण संपायचं. त्या दिवसांत तिला झोपही बरी लागली.

त्यानंतरच्या रविवारी सकाळी रामराव गिरणीच्या उंबरठ्यावर बसला आणि उठेना. "पायात जीवच नाही," म्हणाला. छातीत काहीतरी चुकल्यासारखं होत होतं, मध्येच थांबायचं, मध्येच धावायचं. ज्ञानेश्वरने शेजाऱ्याची गाडी काढली. चांगुणा आणि राखी मागे बसल्या, रामरावाचं डोकं चांगुणाच्या मांडीवर. तो सारखा म्हणत होता, खिडकी उघडा, आणि खिडकी उघडीच होती.

दवाखान्यात छातीला तारा लावल्या, रक्त घेतलं आणि लगेच त्याला डायलिसिसला घेतलं. मशीनवर आसिफ होता. मेहकरकडचा तरुण तंत्रज्ञ, दीड वर्ष सोमवार-गुरुवार तोच रामरावाच्या हातात सुई घालायचा. त्याने सगळं सुरू करून दिलं आणि बाहेर आला.

"मावशी, यांनी केळी खाल्ली का?"

"नाही बापा."

"नारळपाणी? आंबे? आंब्याचे दिवस आहेत."

"घरात आंबा आणला नाही मी या वर्षी. नातवाईलेही नाही."

"मग पोटॅशियम एवढं चढलं कशानं?" आसिफने विचारलं. "मीठ कोणतं वापरता?"

राखीने मोबाइल काढला. तिने नवीन पाकिटाचा फोटो मैत्रिणीला पाठवलेला होता, पुढचा आणि मागचा. आसिफने मागचा फोटो बोटांनी मोठा केला. बारीक इंग्रजी अक्षरांत लिहिलं होतं की किडनीच्या रुग्णांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय हे घेऊ नये.

"मावशी, यात साधं मीठ कमी केलंय आणि त्या जागी पोटॅशियम घातलंय. पोटॅश."

चांगुणाला हा शब्द ओळखीचा होता. "पोटॅश म्हणजे? वावरात टाकतात ते?"

"तीच जात," आसिफ म्हणाला. "ज्याची किडनी चांगली त्याला चालतं. यांना नाही. यांची किडनी ते बाहेर टाकत नाही, मग ते रक्तात साठतं आणि छातीचे ठोके चुकवतं."

चांगुणा बाकावर बसली. हात मांडीवर उताणे ठेवून बसली आणि त्या हातांकडेच बघत राहिली. राखी भिंतीला टेकून रडत होती. "मीच आणलं, आत्याबाई. मीच आणलं ते. मले इंग्रजी वाचता येत नाही तं कोणाले तरी विचारायचं होतं मी."

चांगुणा म्हणाली, "आणलं तू. टाकलं मी. अन् मी तं चिमूटभर टाकलं नाही, मूठ मोकळी केली. त्याईनं दुसरी भाकर मांगतली तं मले सुचलंच नाही काही." तिने पदराने तोंड पुसलं. "बस इथं. रडू नको. मले कोणाशी भांडाचं बळ नाही राह्यलं. माझ्याशीही नाही."

राखी तिच्याशेजारी बसली. तासाभराने आसिफने दार उघडून सांगितलं की ठोके सरळ पडायला लागलेत.

रामराव तीन दिवसांनी घरी आला. चांगुणाने ते पाकीट आधीच उकिरड्यावर नेऊन रिकामं केलं होतं. पण आता तिला मिठाचीच भीती बसली. घरात जाडं मीठ होतं, वाटी होती, चमचा होता, तरी रामरावाच्या भांड्याजवळ आलं की तिची चिमूट उघडत नसे. आठवडाभर तिने त्याला साफ अळणी दिलं. रामरावानेही मागितलं नाही. तो दोन घास घ्यायचा आणि भिंतीकडे तोंड करून पडायचा. त्याचं वजन उतरलं. मॅडम तिच्यावर पहिल्यांदाच रागावल्या. "मावशी, मी चार ग्रॅम लिहिलं होतं. चार म्हणजे चार, शून्य नव्हे. जेवलेच नाहीत तर मशीन काय करणार?"

घरी येऊन ती स्वयंपाकघरात बसून राहिली. बाहेर ओट्यावर रामरावाने कांदा फोडला होता. आत येऊन त्याने मिठाच्या बरणीतून एक खडा उचलला, कांद्याच्या पाकळीवर ठेवला आणि तोंडात टाकला. तिने आवाज दिला, "अहो!"

"एकच खडा हाय."

"लागला का?"

"लागला म्हणजे? जिभेवरच पडला तो. झणझणीत लागला."

चांगुणा त्याच्याकडे बघत राहिली. एक खडा. भाजीत तो विरघळून गेला असता आणि याने पुन्हा विचारलं असतं, मीठ कुठं हाय. तिने त्या संध्याकाळी भाजी पूर्ण अळणी केली, मिरची-लसणाची फोडणी जरा वाढवली, वर लिंबू पिळलं. मग दिवसाच्या मिठातलं अर्धं खलबत्त्यात एकच ठोका देऊन भरड केलं आणि छोट्या वाटीत घालून त्याच्या ताटात ठेवलं.

"हे काय?"

"तुमच्या वाट्याचं मीठ. भाजीत काहीच टाकलं नाही मी. तुमाले जिथं पाह्यजे तिथं वरून घ्या. संपलं का संपलं."

रामरावाने वाटीकडे बघितलं. चिमटीने दोन-चार कण घेतले, वांग्याच्या फोडीवर टाकले. खाल्लं. मग भाकरीवर टाकून पाहिलं. वरणात टाकलं नाही, म्हणाला तिथं वाया जाते. कुठल्या घासावर किती, याचा तो विचार करायला लागला. जेवण सावकाश झालं आणि संपलं. मीठ कुठं हाय, हे त्याने त्यानंतर कधी विचारलं नाही.

एकदा मात्र तो सापडला. पोळ्याच्या आदल्या दिवशी तिला त्याच्या उशीजवळ तंबाखूची जुनी डबी मिळाली. तंबाखू तर डॉक्टरांनी केव्हाच सोडायला लावली होती. उघडून बघते तर मीठ. तीन दिवसांचं थोडं थोडं वाचवून ठेवलेलं.

"काऊन ठेवलं हे?"

रामराव लाजला. साठीचा माणूस, पण पोरासारखा लाजला. "उद्या पोळा हाय. कढी-भजे करशीन ना. मनलं, एक दिवस पोटभर खारं खाऊ."

"कालचं मीठ आज चालत नाही," चांगुणा म्हणाली. "तुमच्या किडनीले काय सांगू, उपास केला होता म्हून?" डबी तिने रिकामी करून धुतली. पोळ्याला एकच भजं त्याच्या ताटात वाढलं, दिवसाच्या मिठातून हिशेबानं केलेलं. त्याने ते चार घासांत खाल्लं.

यालाही आता वर्ष होत आलं. रामराव बरा झालेला नाही, होणारही नाही. पण सोमवार-गुरुवार तो स्वतःच्या पायाने एसटीत चढतो. चांगुणाचे गुडघे दुखतात, उजव्या डोळ्यात मोतीबिंदू आहे, त्याचं ऑपरेशन ती दोनदा पुढे ढकलून बसली आहे, कारण त्या दिवसांत रामरावाचं कोण बघणार. राखी म्हणते मी बघते. चांगुणा बघू म्हणते.

गेल्या गुरुवारी दवाखान्याच्या बाकावर तिच्या शेजारी एक नवीन बाई येऊन बसली. शाहीन तिचं नाव, सुलतानपूरची. घाटावरून एवढ्या लांब, कारण जवळच्या मशीनवर जागा नव्हती. तिच्या नवऱ्याचा पहिलाच आठवडा होता. हातात मॅडमचा कागद, तो तिने चारदा घडी घालून चारदा उघडला होता.

"आपा, तुम्ही जुन्या दिसता इथल्या," ती म्हणाली. "हे मिठाचं मला काही उमजंना. ते सैंधव घ्यावं म्हणतात कुणी, कुणी म्हणतं कमी मिठाचं पाकीट येतं. कोणतं घेऊ?"

चांगुणाला बोलायचा कंटाळा आला होता. रात्री रामरावाला खोकला होता, चारला ती उठली होती, गाडीत उभ्यानेच यावं लागलं होतं. तिने डोळे मिटून घेतले होते. तरी तिने ते उघडले.

"ते कमी मिठाचं पाकीट घेऊ नको," ती म्हणाली. "कोणी फुकट देलं तरी घेऊ नको. आसिफले विचार, तो सांगंन काऊन ते. साधं जाडं मीठ घे, आयोडीनचं. भाजीत टाकू नको. दिवसाचं तौलून काढ अन् त्याच्या ताटात ठेव. त्याच्या हातानं घेऊ दे त्याले."

"त्यांच्या हातानं? अन् जास्त घेतलं तर?"

"तितलंच तं ठेवशीन ना वाटीत." चांगुणाने भिंतीला डोकं टेकलं. "सगळंच आपल्या हातात घेतलं का, बाई, आपला हात थकते. मंग चुकते."

शाहीन आणखी काही विचारणार होती. पण चांगुणाचे डोळे मिटले होते आणि मान एका बाजूला कलंडली होती. शाहीनने तिच्या मांडीवरून घसरणारी पिशवी उचलून बाकावर ठेवली.

साडेअकराला रामराव हाताला पट्टी बांधून बाहेर आला. आसिफ मागोमाग औषधाची चिठ्ठी द्यायला आला आणि मावशीला उठवायला वाकला. रामरावाने त्याला हाताने थांबवलं.

"झोपू दे तिले," तो म्हणाला. "बाराची गाडी गेली तं जाऊ दे. दोनची हाय." आणि तो तिच्याशेजारी जपून, पट्टीचा हात वर धरून बसला.